सिमेंट स्पेसर मोडतो, सरकतो, साच्यात अडकतो: चूक नेमकी कुठे शोधायची

इन्फेक्शन झालेला कृत्रिम सांधा दोन टप्प्यांत बदलायचा ठरला की पहिल्या टप्प्यात अँटिबायोटिक घातलेल्या सिमेंटचा तात्पुरता स्पेसर, म्हणजे सांध्याची जागा धरून ठेवणारा तुकडा, बसतो. साचा आहे, सिमेंट आहे, व्हँकोमायसिनसारखं अँटिबायोटिक आहे, म्हणजे काम सोपं वाटतं. तरी त्याच तक्रारी फिरून येतात. सिमेंटचा गोळा भुसभुशीत झाला. साच्यातून निघेना. हिपचा (खुब्याचा) स्पेसर तिसऱ्या आठवड्यात नेकमध्ये, म्हणजे हेडखालच्या मानेत, मोडला. गुडघ्याचा ठोकळा पुढे सरकला. दुसऱ्या टप्प्यात स्पेसर काढताना चांगलं हाडही सोबत आलं.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. प्रायमरी रिप्लेसमेंट, म्हणजे पहिल्यांदा सांधा बदलणं, करताना हाताला लागलेल्या सवयी आपण इथेही तशाच चालवतो. प्रायमरीत सिमेंट दाट, बिनभोकांचं हवं असतं, हाडाच्या छिद्रांत घट्ट शिरलेलं हवं असतं. ते वीस वर्षं टिकायचं असतं. स्पेसर मात्र काही आठवड्यांत काढायचा असतो. त्याची भोकं म्हणजे औषध बाहेर पडायच्या वाटा, आणि हाडाशी त्याची पकड जितकी ढिली तितकं पुढचं काम सोपं. एकाच ठिकाणी हा नियम उलटतो: हिप स्पेसरची नेक. तिथे ताकदच हवी. कुठे सैल सोडायचं आणि कुठे आवळायचं हे पावडर उघडण्याआधी ठरलं पाहिजे, कारण मोनोमर (पावडरीत मिसळून सिमेंट घट्ट करणारा द्रव) ओतल्यावर विचार करायला वेळ उरत नाही.

गोळा भुसभुशीत होतो, पीठ एकजीव होत नाही

एका पॅकेटात साधारण ४० ग्रॅम पावडर आणि २० मि.ली. मोनोमर असतो. हा २:१ चा मेळ कंपनीने पावडरीच्या हिशेबाने बसवलेला असतो. त्यात आपण वरून आणखी कोरडी पावडर घातली की तेवढाच मोनोमर जास्त पिठाला पुरवायचा असतो. स्पेसरसाठी नेहमीची मात्रा दर ४० ग्रॅमला व्हँकोमायसिन २ ते ४ ग्रॅम आणि सोबत जेंटामायसिन किंवा टोब्रामायसिन. दोन्ही मिळून आठ ग्रॅमच्या आसपास गेलं की गोळा वळता वळत नाही, कडांना फुटतो, कमी तुपात भिजवलेल्या रव्यासारखा दिसतो.

अशा वेळी दुसऱ्या पॅकेटातला मोनोमर थोडा थोडा ओतायचा मोह होतो. तो टाळा. सेट होण्याचं गणित बिघडतं, गोळा जास्त तापतो आणि न जुळलेला मोनोमर जास्त उरतो. क्रम बदलून बघा. आधी सिमेंटची पावडर आणि मोनोमर एकत्र करून अर्धा मिनिट ढवळा. मिश्रण पातळ, ओलसर झालं की मग अँटिबायोटिक दोन-तीन हप्त्यांत भुरभुरवा. ओल्या सिमेंटमध्ये ती पावडर सहज भिजते. दुसरा फायदाही आहे: उशिरा घातलेली पावडर पूर्ण विरघळून लपत नाही, तिचे कण मोकळे राहतात आणि शरीरात गेल्यावर औषध जास्त सुटतं. ताकद थोडी कमी होते, पण गुडघ्याच्या ठोकळ्याला ते चालतं. हिपच्या नेक आणि स्टेमसाठी (स्टेम म्हणजे मांडीच्या हाडात शिरणारा दांडा) मात्र उलट करा. पावडर आधीच कोरडी एकत्र करून सारखी मिसळा आणि मात्रा खालच्या टोकाला, म्हणजे दर पॅकेटला व्हँकोमायसिन २ ग्रॅमच्या आसपास ठेवा. चाचण्यांत ४० ग्रॅममध्ये जेंटामायसिन पावडर साडेचार ग्रॅमच्या पुढे गेल्यावर सिमेंटची दाब सोसायची ताकद ७० मेगापास्कलच्या खाली उतरलेली आहे. आयएसओ ५८३३ या मानकाने हाडाच्या सिमेंटसाठी घातलेली ती किमान मर्यादा आहे.

व्हँकोमायसिनची व्हायल फ्रीझ-ड्राय केलेली असते. आतली चकती तशीच टाकली तर वाटाण्याएवढे खडे राहतात. व्हायल बंद असतानाच तळहातावर आपटून चकती मोडा, मग निर्जंतुक बाऊलमध्ये स्पॅच्युलाच्या पाठीने दाबून खडे फोडा. साखरेच्या दाण्याएवढे राहिले तरी चालेल. अगदी मैद्यासारखं करायची गरज नाही, तेवढं बारीक केल्याने औषध सुटणं उलट कमी होतं.

आता आपल्याकडे फार दिसणारी चूक. भारतात जेंटामायसिन सहसा ८० मि.ग्रॅ./२ मि.ली.च्या द्रव अँप्युलमध्येच मिळतं. पावडर शोधत फिरावं लागतं. म्हणून कोणीतरी सहा अँप्युल फोडून सिमेंटमध्ये ओततं. सहा अँप्युल म्हणजे ४८० मि.ग्रॅ. औषध, पण त्याबरोबर १२ मि.ली. पाणीही. २० मि.ली. मोनोमरच्या कामात १२ मि.ली. पाणी घुसलं की सिमेंटची ताकद जवळजवळ निम्मी होते. पाण्याचे थेंब मध्ये अडकून राहतात आणि तिथूनच तडा सुरू होतो. पावडर मिळत नसेल तर जेंटामायसिन आधीच घातलेलं तयार सिमेंट घ्या. त्यात सहसा ०.५ ग्रॅम, काही प्रकारांत १ ग्रॅम असतं. वरून व्हँकोमायसिन पावडर घाला. दोन औषधं एकत्र असली की एक विरघळताना दुसऱ्याला वाट करून देतं, म्हणजे जोडीचा फायदा नुसत्या बेरजेहून जास्त होतो. तयार सिमेंटातली मात्रा एकटी मात्र उपचाराला पुरत नाही. ती प्रायमरीत इन्फेक्शन टाळण्यासाठी ठरवलेली आहे.

कल्चरमध्ये जंतू कशाला दाद देतो हे बघून औषध निवडताना ते उष्णता सोसतं का आणि पावडर रूपात मिळतं का, हेही विचारा. व्हँकोमायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन, क्लिंडामायसिन सोसतात.

गोळा सेटच होत नाही

पंधरा-वीस मिनिटं झाली तरी गोळा चिकट रबरासारखा राहिला असेल तर पहिला प्रश्न: त्यात रिफाम्पिसिन घातलं का? स्टॅफिलोकोकस हा जंतू आणि इम्प्लांटवरचा जंतूंचा थर म्हटलं की रिफाम्पिसिन आठवतं, आणि तोंडाने द्यायला ते औषध उत्तमच आहे. पण सिमेंटमध्ये ते साखळी जुळण्याची रासायनिक क्रियाच अडवतं. कितीही वाट पाहिलीत तरी गोळा घट्ट होणार नाही. फेकून द्या आणि नवं पॅकेट उघडा.

दुसरं कारण म्हणजे थंडी. फ्रीजमधून काढलेलं सिमेंट आणि १८ अंशांवर चालवलेला एसी एकत्र आले की वेळ बराच लांबतो. तिसरं, मोनोमर सांडला किंवा अँप्युलमध्ये राहून गेला. अँप्युलच्या मानेत तीन-चार मि.ली. राहणं काही नवीन नाही. ती पूर्ण उलटी धरून झटका.

फार लवकर सेट होतं, साचा भरून व्हायच्या आत

इथे बहुतेक वेळा दोष साच्याचा असतो, सिमेंटचा नव्हे. धातूचा साचा नुकताच ऑटोक्लेव्हमधून आलेला असतो आणि हात लावला तर कोमट लागतो. कोमट धातूला टेकलेला थर मिनिटभर आधीच घट्ट होतो आणि आतला गोळा पुढे सरकत नाही. साचा निदान अर्धा तास आधी काढून ठेवा किंवा निर्जंतुक गार सलाइनमध्ये बुडवून नीट कोरडा करा. पाण्याचा थेंब राहिला तर त्या जागी खड्डा पडतो.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सिमेंटची पेटी कुठल्या कपाटात ठेवली आहे याकडेही लक्ष द्या. बहुतेक पेट्यांवर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात बिनएसीच्या स्टोअरमध्ये हे शक्यच नसतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिमेंट ऑपरेशन थिएटरच्या आत आणून ठेवा. पेटीतल्या पत्रकावर तापमान आणि वेळ यांचा आलेख असतो. तो कापून मिक्सिंग टेबलाच्या भिंतीवर चिकटवा. बहुतेक सिमेंट २३ अंशांना साधारण ८ ते १४ मिनिटांत घट्ट होतं, पण तुमच्या ब्रँडचा आकडा तोच असेल असं धरू नका. आणि घड्याळ मोनोमर पावडरीला लागल्या क्षणापासून सुरू करा, गोळा हातात घेतल्यापासून नव्हे. एकाला मोठ्याने मिनिटं मोजायचं काम द्या. आणखी एक गोष्ट. ट्रॉलीवर ठेवलेली सिमेंटची गोळी बघून आतल्या सिमेंटचा अंदाज बांधू नका. शरीराची ऊब आणि जाड गोळा, दोन्हींमुळे आतलं सिमेंट आधी सेट होतं.

साच्याला चिकटतो, पृष्ठभागावर भोकं पडतात

सिलिकॉनच्या साच्याला सिमेंट सहसा चिकटत नाही. धातूच्या आणि ऐनवेळच्या जुगाडी साच्यांना चिकटतं. मोदकाच्या साच्याला तूप लावतात तसा आतून निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा हात फिरवा. पातळ, नुसती चकाकी येईल इतकाच. साठलेलं पॅराफिन सिमेंटच्या घड्यांमध्ये अडकलं की ते दोन थर कधीच जोडले जात नाहीत.

साच्यात भरायची वेळ बोटाने ओळखा. हातमोज्याचं बोट गोळ्याला टेकवून उचलावं. पाकासारखी तार सुटली तर अजून वेळ आहे. बोट कोरडं सुटलं आणि पृष्ठभागाची चमक जरा मावळली की गोळा साच्यात जाण्यासाठी तयार आहे. याआधी भरलं तर मोज्यांना, साच्याला, सगळीकडे चिकटतं. उशीर केला तर घड्या तशाच राहतात, स्पेसरवर सुरकुत्या दिसतात, आणि त्या सुरकुत्या पुढच्या तड्याची सुरुवात असतात. मोजे दुहेरी घाला आणि वरचे गोळा हातात घेण्याआधी बदला. मोनोमर लॅटेक्समधून झिरपतो. त्याची वाफ डोळ्यांना आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्सला बाधते, आणि तो पेट घेतो. मिक्सिंग होईपर्यंत जवळपास कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं साधन) नको.

भोकांचं मूळ बहुधा दोन गोष्टींत असतं: जोरजोरात फेटणं आणि सगळीकडून एकदम भरणं. अंडं फेटल्यासारखं ढवळलं की हवा आत जाते. बाऊलच्या कडेला घासत, एकाच दिशेने, मिनिटाला साधारण साठ फेऱ्या या गतीने ढवळा. साचा एका टोकाकडून भरत जा म्हणजे हवेला पुढून बाहेर पडता येईल. खोल साचा असेल तर सिमेंट गनचं नळकांडं तळाशी टेकवून, हळूहळू मागे घेत भरा. भरून झाल्यावर साचा टेबलावर हलका आपटा. सांध्याच्या घासणाऱ्या बाजूवर, म्हणजे गुडघ्याचे कॉन्डाइल (फीमरच्या खालच्या टोकाचे गोल उंचवटे), खुब्याचं हेड (वरचा गोल भाग), टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) वरचा भाग यांवर, भोकं चालत नाहीत. तिथून निघालेली सिमेंटची आणि एक्स-रेत दिसण्यासाठी त्यात असलेल्या बेरियम किंवा झिर्कोनियाची धूळ सांध्यात फिरत राहते. आतल्या बाजूला, हाडाकडे, काही भोकं राहिली तर त्यावर वेळ घालवू नका.

साच्यातून काढायची घाई सगळ्यात महाग पडते. गोळा बाहेरून कडक लागतो तेव्हाही आत तापत असतो. साच्याच्या बाहेर हात ठेवा. गरमपणा वाढून परत उतरू लागला की मग दोन-तीन मिनिटं आणखी थांबा. आधीच ओढला तर टिबियाची पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी हाडावर बसताना मध्ये पोकळी सोडते.

हिपचा स्पेसर नेकमध्ये मोडतो

यावर थोडं जास्त थांबायला हवं, कारण हे अपयश रुग्णाला खरोखर त्रास देतं: मोडलेली टोकं मांसात घुसतात, आणि आतला तुकडा काढायला वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहा. रुग्णाचं वजन साठ किलो, म्हणजे साधारण ६०० न्यूटन भार. हेडपासून नेकच्या बुंध्यापर्यंतचं अंतर ३० मि.मी. वाकवणारा जोर ६०० गुणिले ३०, म्हणजे १८,००० न्यूटन-मि.मी. नेकचा व्यास १६ मि.मी. असेल तर काठावरचा ताण येतो सुमारे ४५ मेगापास्कल. साध्या सिमेंटसाठी वाकण्याची किमान ताकद मानकात ५० मेगापास्कल आहे, आणि आपण तर त्यात औषध घालून ते आणखी कमकुवत केलेलं आहे. म्हणजे नुसतं सिमेंट काठावर उभं आहे. वरून एका पायावर उभं राहताना खुब्यातला भार वजनाच्या अडीच-तीन पट होतो. नेक २० मि.मी. केली तर ताण जवळजवळ निम्मा होतो, कारण व्यासाचा घन मोजावा लागतो. पण अडीच पट भारापुढे तेही पुरत नाही. निष्कर्ष सरळ आहे: आत धातूचा रॉड नसलेला हिप स्पेसर मोडणारच, कधी एवढाच प्रश्न.

रॉड असूनही मोडतो, त्याची कारणं आत बघा.

पहिलं, रॉड नेकमध्येच संपलेला असतो. धातू संपतो तिथे ताण एकदम सिमेंटवर येतो आणि तडा नेमका तिथेच जातो. रॉड हेडच्या मध्यापासून नेकमधून, कॅलकारजवळून (मांडीच्या हाडाचा नेकखालचा आतला जाड भाग) जाऊन स्टेमच्या टोकाच्या अलीकडे दीड-दोन सें.मी.पर्यंत एकसंध हवा. ४ ते ५ मि.मी.ची स्टाइनमन पिन किंवा रश नेल (हाडात घालायच्या धातूच्या सळया) चालते. एंडर नेल दोन घेतल्या तरी चालतं, पण सिमेंटला जागा उरते का ते पाहा. रॉडभोवती सगळीकडून निदान ३ मि.मी. सिमेंट हवं.

दुसरं, वाक. नेकच्या कोनात रॉड एका ठिकाणी पक्कडीने काटकोनात मोडलेला असतो. बेंडरने मोठ्या वळणाने वाकवा आणि एकदाच. पुन्हा सरळ करून परत वाकवलेला स्टील त्या जागी ठिसूळ झालेला असतो. वाकवलेला रॉड साच्यात रिकामा ठेवून झाकण लावून बघा. साच्याला कुठेही टेकत नाही ना? टेकत असेल तर तिथे सिमेंटची भिंत पातळ राहणार. आदल्या पॅकेटातल्या उरलेल्या सिमेंटच्या दोन लहान मण्यांनी रॉडला दोन जागी ठिपके द्या. सेट झाल्यावर तेच रॉडला साच्याच्या मध्यावर धरून ठेवतात.

तिसरं, गुळगुळीत रॉड. चकचकीत पिनवर सिमेंट नीट धरत नाही. रॉड आतल्या आत फिरतो, आणि स्पेसर काढताना पिन हातात येते, सिमेंट कॅनलमध्येच (हाडाच्या आतल्या पोकळीत) राहतं. १८ गेजच्या एसएस वायरचे सैल वेढे पिनवर द्या, मध्ये बोटभर अंतर सोडत. घट्ट आवळलेल्या वेढ्याखाली सिमेंट शिरत नाही. सर्व आटे असलेला रॉड मिळाला तर याची गरज नाही.

चौथं, सिमेंट दोन खेपेत भरलेलं. पहिलं पॅकेट हेडसाठी, मग दहा मिनिटांनी दुसरं स्टेमसाठी, आणि दोन्हींचा सांधा नेमका नेकमध्ये. हिपसाठी दोन-तीन पॅकेट लागतात हे आधी मोजा आणि ती सगळी एकाच मोठ्या बाऊलमध्ये एका वेळी मिसळा. तेवढा मोठा बाऊल नसेल तर दोघांनी एकाच क्षणी दोन बाऊल सुरू करा. हेड आधीच बनवून ठेवायचं असेल तर नेकचा अर्धा भागही त्यातच ओता आणि जोड खाली स्टेममध्ये येऊ द्या. तिथे बाजूने हाडाचा आधार असतो.

साचा नसेल तर हेडसाठी अॅसेप्टो सिरिंजच्या रबरी फुग्याचा वापर होतो, आणि तो चालतोही. पण फुगा दाबला की गोल राहत नाही. भरून झाल्यावर हातात धरू नका, बाऊलमध्ये गार सलाइनमध्ये सोडून ठेवा.

हिप स्पेसर निखळतो

मोडण्याइतकंच हे वारंवार होतं, पण कारण शोधायला सोपं. साफ केलेल्या सॉकेटमध्ये शेवटचा रेमर (हाड गोल कोरायचं हत्यार) कितीचा गेला ते बघा आणि हेड त्याहून एखाद-दोन मि.मी. लहान घ्या. हाताला आला तो साचा घेतला आणि ५६ च्या सॉकेटमध्ये ४६ चं हेड ठेवलं तर ते हिंदकळणारच. नेक आखूड किंवा ऑफसेट (हेड आणि स्टेम यांतलं आडवं अंतर) कमी राहिला की मांस सैल राहतं. आणि स्टेम कॅनलमध्ये गोल फिरतो, त्यामुळे बसवताना पुढे ठेवलेलं हेडचं तोंड चौथ्या दिवशी मागे गेलेलं असतं. त्यावर इलाज म्हणजे फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) वरच्या काठाशी सिमेंटची कॉलर. अर्ध्या पॅकेटचा उशिराचा, आता न चिकटणारा गोळा स्टेमच्या खांद्याभोवती आणि कापलेल्या हाडाच्या उंचसखल काठावर दाबा. कॅनलमध्ये खोल ढकलू नका.

गुडघ्यात: सरकतो, तिरका होतो, जखम शिवता येत नाही

तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण तिघींचं उत्तर बहुतेक एकच: जाडी डोळ्याने ठरवली. मापाचा स्पेसर ब्लॉक घालून गुडघा सरळ करून एक आणि ९० अंशांत वाकवून दुसरं, असे दोन आकडे बाऊल उघडण्याआधी फळ्यावर लिहा. समजा सरळ स्थितीत २४ मि.मी. आणि फीमरच्या साच्याची खालची जाडी ९ मि.मी. म्हणजे टिबिया १५ मि.मी. टिबियाची जाडी दोन्ही स्थितींना सारखीच लागते. वाकवल्यावरच ढिलं राहत असेल तर फीमरचा मोठा नंबर घ्या. सरळ केल्यावरच ढिलं असेल तर फीमरच्या खालच्या टोकाखाली सिमेंट वाढवा. जखम शिवताना कातडी पांढरी पडत असेल तर स्पेसर जाड झाला आहे. टाके ताणून प्रश्न सुटत नाही, तीन-चार मि.मी. कमी करा.

स्टॅटिक, म्हणजे सांधा हलू न देणारा, ठोकळा सरकतो कारण तो नुसताच मध्ये ठेवलेला असतो. त्याला दोन्ही हाडांच्या कॅनलमध्ये दांडे हवेत. सिमेंट लावलेल्या रश नेलचा एक दांडा फीमरमध्ये, एक टिबियात, आणि दोन्हींची टोकं सांध्याच्या जागी शेजारी शेजारी, मधल्या ठोकळ्यात गाडलेली. असे दांडे ओतायला छातीची ड्रेन ट्यूब बरी पडते. ४० फ्रेंचची ट्यूब बाहेरून साधारण १३ मि.मी. असते आणि आतून सुमारे १०. आत पॅराफिन, पातळ अवस्थेतलं सिमेंट सिरिंजने खालून वर, मग मध्ये रॉड. ट्यूब लांबीत चिरून सोलायची. कॅनल दांड्यापेक्षा दीड-दोन मि.मी. जास्त रीम केलेला हवा, नाहीतर आत जाताना सिमेंटचे कपचे उडतात.

हलणाऱ्या स्पेसरसाठी दुसरा मार्गही आहे: काढलेला फीमरचा धातूचा भागच स्वच्छ करून, ऑटोक्लेव्ह करून, नवीन प्लास्टिकसह सैल सिमेंटवर बसवणं. हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही पद्धत मांडली. साचे महाग पडतात तिथे ती उपयोगी आहे, पण धातूवरचा जुना सिमेंटचा कण न् कण खरवडून निघाला पाहिजे. ब्रशने घासायला वेळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

काढताना हाड सोबत येतं

पकड जास्त बसलेली असते. प्रायमरीत आपण हाड पल्स लव्हाजने (जोराच्या फवाऱ्याने) धुऊन, कोरडं करून, सिमेंट मऊ असताना दाबतो. इथे हाड ओलं, रक्त लागलेलंच राहू द्या. तासाभराचं टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) असेल तर सिमेंट ठेवायच्या आधी सोडा. गोळा मोज्याला अजिबात चिकटत नाही इतका उशिरा ठेवा आणि सेट होईपर्यंत सांधा एकदा-दोनदा एखाद मि.मी. हलवत राहा. तो सुटा झालेला हाताला कळतो. सेट होताना गार सलाइन ओतत राहा, विशेषतः गुडघ्याच्या मागच्या बाजूला. तिथे जाड सिमेंट आणि पॉप्लिटिअल रक्तवाहिनी यांच्यात फार जागा नसते.

रंगीत सिमेंट निवडता आलं तर निवडा. क्लोरोफिलमुळे हिरवट असणारं सिमेंट दुसऱ्या टप्प्यात हाडापासून लगेच ओळखू येतं. पांढरं सिमेंट पांढऱ्या हाडात शोधताना डोळे दुखतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं

औषध बहुतेक पृष्ठभागातून आणि पहिल्या काही दिवसांतच जास्तीत जास्त सुटतं. त्याच दिवसांत शिरेतूनही व्हँकोमायसिन चालू असतं, आणि वेदनेसाठी डायक्लोफेनॅक. तिन्ही मिळून मूत्रपिंडावर पडतात. ऑपरेशनआधीचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) लिहून ठेवा, पहिला आठवडा एक दिवसाआड पाहा, डायक्लोफेनॅक आणि शिरेतलं अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिनच्या गटातलं औषध) टाळा. आधीच मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा पहिल्यापासूनच कमी. शिरेतलं औषध थांबवून, पाणी देऊनही वाढतच असेल तर रक्तातली पातळी तपासा. ती उंच असेल तर स्पेसर काढायचा निर्णय नेफ्रॉलॉजिस्टसोबत लवकर घ्या.

ऑपरेशन नोटमध्ये

किती पॅकेट, कुठला ब्रँड, प्रत्येक पॅकेटात कुठलं औषध किती ग्रॅम, आत किती रॉड आणि किती लांबीचे, वायरचे वेढे आहेत का. हे लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या टप्प्यातला सर्जन एक्स-रे पाहून अंदाज बांधत बसतो, आणि कॅनलमध्ये राहिलेला तुकडा कोणी मोजत नाही. डिस्चार्ज कार्डवर वॉकरने किती भार टाकायचा आणि दुसऱ्या टप्प्याची तारीख मराठीत, ठळक लिहा. तयार मिळणाऱ्या स्पेसरची परवानगीही १८० दिवसांपुरतीच असते. दुखायचं थांबलं, चालता येतं, म्हणून पेरणी उरकून, मग दिवाळी उरकून येणारे रुग्ण असतात, आणि तोपर्यंत टिबियाचं हाड स्पेसरखाली झिजून खोलगट झालेलं असतं.